चिदंबरचा चौकोन

विज्ञानात मत्सराला थारा नाही. खऱ्या संशोधकाला दुसऱ्याच्या यशाने स्वतःच्या यशाइतकाच आनंद होतो, कारण सत्य कुणा एकाच्या मालकीचं नसतं. हे वाक्य मी दरवर्षी विज्ञान दिनाला, संस्था बघायला आलेल्या शाळेच्या मुलांना ऐकवतो आणि ऐकवताना पहिल्या रांगेत बसलेल्या भुजंगरावांकडे नजर जाणार नाही याची काळजी घेतो.

भुजंगराव आणि मी म्हैसूरला बन्नीमंटपाजवळच्या एका जीवशास्त्र संस्थेत एकोणीस वर्षं समोरासमोरच्या खोल्यांत काम करत होतो. शास्त्रज्ञांत घरी मराठी बोलणारे तिथे आम्ही दोघेच. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, माझे कचेरीत अर्ज लिहून देत होते. भुजंगराव अजूनही घोड्यावरून नुकतेच उतरल्यासारखे चालतात. मी व्हरांड्यात भिंतीच्या कडेने चालतो.

माझा विषय मातीतले जिवाणू. तूर, हुलगा, चवळी यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत हे जिवाणू राहतात, झाडाची साखर खातात आणि बदल्यात हवेतला नायट्रोजन धरून झाडाला खत करून देतात. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली तर जिवाणू काम करताहेत. पांढरी दिसली तर नुसते बसून खाताहेत. सरकारी संस्थेत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

बन्नूरच्या एका शेतातून मी या जिवाणूंचा एक वाण वेगळा काढला आणि त्याला ‘बन्नूर सतरा’ असं नाव दिलं. गुळाच्या पाण्यात कालवून तो बियाण्याला चोळायचा, बियाणं सावलीत वाळवायचं आणि पेरायचं. नऊ वर्षांच्या प्रयोगांनंतर मी सिद्ध केलं की यामुळे चवळीचं पीक चार टक्क्यांनी वाढतं, मात्र पाऊस वेळेवर यायला हवा. पाऊस वेळेवर आला की ते असंही वाढतं, असं बन्नूरच्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं. पण तो शास्त्रज्ञ नव्हता.

भुजंगरावांचा विषय डोळे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा रातांधळेपणा, ज्यात आधी संध्याकाळनंतर दिसेनासं होतं आणि मग नजर चहूबाजूंनी आक्रसत जाते, तो कुठल्या जनुकामुळे होतो हे ते शोधत होते. सगळा अन्याय इथेच आहे. डोळे प्रत्येक माणसाला असतात, मुळांवरच्या गाठी एकालाही नसतात. वर्तमानपत्राचा माणूस भुजंगरावांकडे आला तेव्हा ते एका लहान मुलीच्या डोळ्यात प्रकाश टाकून पाहत होते. फोटो चार कॉलम आला. तोच माणूस माझ्याकडे आला तेव्हा गाठी दाखवण्यासाठी मला झाड उपटावं लागलं. “सर, झाड मेलं की हो,” असं म्हणून तो फोटो न काढता गेला.

नव्याण्णव साली आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले. जागेची जाहिरात निघाली. अर्ज करण्याची वयोमर्यादा पन्नास होती आणि मी एकोणपन्नास वर्षं आठ महिन्यांचा होतो. म्हणजे ही गाडी चुकली तर पुढची नव्हतीच. मी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. भुजंगराव माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

“तुम्ही अर्ज करताय ना, भुजंगराव?” मी व्हरांड्यात सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बघू,” ते म्हणाले.

‘बघू’ म्हणणारा माणूस किती पाण्यात असतो हे मी जाणून आहे. मीही नऊ वर्षं शेतकऱ्यांना ‘बघू’ म्हणतच आलो होतो. निवड समिती सोळा तारखेला येणार होती. सकाळी विभागाचं काम दाखवणारी दोन व्याख्यानं, एक माझं आणि एक भुजंगरावांचं, आणि दुपारी मुलाखती. दोन व्याख्यानं म्हणजे दोन उमेदवार, हा हिशेब मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

याच सुमाराला भुजंगराव माझ्या खोलीत एक भला मोठा कागद घेऊन आले. त्यावर वंशावळ होती. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि आजार असेल त्याचं चिन्ह काळं केलेलं.

“गुंडेराव, ही तुमचीच मंडळी ना? कृष्णराजनगरचे वेंकोबाराव?”

“माझ्या मावशीचे यजमान.”

“आणि मावशींचे सख्खे मामाही.”

“आमच्यात चालतं.”

“तुमच्यात चालतं म्हणून तर आमचं चालतं,” भुजंगराव खूश होऊन म्हणाले. दोष असलेलं जनुक एकाच बाजूने आलं तर काही बिघडत नाही, दोन्ही बाजूंनी आलं की आजार होतो. मामाभाचीच्या लग्नात दोन्ही बाजू एकच असतात. अशी तीन घराणी त्यांना सापडली होती, आणि त्यांतलं सगळ्यात चांगलं घराणं माझ्या मावशीचं निघावं, हाही नशिबाचाच भाग.

सीतालक्ष्मी मावशी आणि वेंकोबाराव यांच्या खाली दोन काळी वर्तुळं होती, तुळसी आणि कमलाक्षी. त्यांच्या शेजारी एक पांढरा चौकोन. चिदंबर.

“हा चौकोन म्हणजे माझा हिरा,” भुजंगराव त्यावर बोट ठेवून म्हणाले. “दोन्ही बहिणींना आजार, भाऊ स्वच्छ. बहिणींत आहे आणि भावात नाही तो तुकडा शोधला की झालं.”

मी चौकोनाकडे पाहिलं. मी अडीच वर्षांचा असताना मला एक धाकटा भाऊ झाला होता आणि अकरा महिन्यांनी तो मावसभाऊ झाला. मावशीला दोन मुलीच होत्या. पिंड द्यायला मुलगा हवा, म्हणून माझ्या आईने आपला चिदंबर थोरल्या बहिणीला दिला. होम झाला, गोत्र बदललं, आई बदलली. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत ‘दत्तक’ हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. भुजंगरावांनी मावशीला विचारलं असणार, मुलगा तुमचा? ती म्हणाली असणार, मग कुणाचा? यात खोटं काही नव्हतं. शास्त्राप्रमाणे उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त ते शास्त्र आणि भुजंगरावांचं शास्त्र एकमेकांना ओळखत नव्हते.

मला सगळं ठाऊक होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

“रेघा फार सरळ आल्यात,” मी म्हणालो.

समिती यायला दहा दिवस होते तेव्हा भुजंगराव पुन्हा आले. आत आल्यावर त्यांनी दार लावलं. खुर्ची पुढे ओढली, बसले, उठले, परत बसले.

“गुंडेराव, जरा नाजूक आहे.”

“बोला की.”

“तुमचा चिदंबर...” त्यांनी आवाज खाली आणला. “वेंकोबारावांचा नाही हो. आईकडच्या खुणा बरोबर बसतात. वडिलांची एकसुद्धा बसत नाही. तीनदा करून पाहिलं.”

माझ्या लक्षात यायला अर्धा मिनिट लागला. चिदंबर मावशीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आमच्या आजोळचा जो तुकडा मावशीत होता तोच माझ्या आईतून त्याच्यात उतरला असणार. म्हणून तो मावशीशी जुळला. त्याचे वडील म्हणजे माझे वडील. ते वेंकोबारावांशी कसे जुळणार? भुजंगरावांच्या यंत्राने बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं. पण भुजंगरावांना जे समजलं होतं ते असं, की सीतालक्ष्मी मावशीचं बावन्न साली कुणाशी तरी काहीतरी होतं.

ही माझी मावशी नळाची तोटी चिंचेने घासल्याशिवाय पाणी भरत नाही. रक्त घ्यायला आलेल्या नर्सला तिने अंगणात उभं केलं, हात खिडकीतून बाहेर काढून रक्त दिलं आणि लगेच जाऊन डोक्यावरून आंघोळ केली.

“मी हे कुणापुढे बोलणार नाही,” भुजंगराव म्हणाले. “आमचा शब्द आहे. वय असतं, वेळ असते, होतं माणसाकडून. हे घराणंच मी वगळतो.”

“सगळं घराणं?”

“एकट्या चिदंबरला गाळलं तर लोक विचारतील, का गाळलं. मग काय सांगू? एका बाईच्या अब्रूपुढे व्याख्यान काय चीज आहे! उरलेल्या दोन घराण्यांवर भागवीन. लंगडं होईल. होऊ दे.”

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. भुजंगरावांचं व्याख्यान लंगडं होणार होतं, तेही त्यांच्याच तोंडून कबूल होऊन, आणि त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात माझा हात धरणारा सबंध संस्थेत नव्हता.

पण दुसऱ्या दिवसापासून भुजंगराव माझ्याशी चांगले वागू लागले. आटोक्लेव्हवर, म्हणजे वाफेने माती निर्जंतुक करायच्या यंत्रावर, त्यांचा नंबर असताना “तुमच्या कुंड्यांची माती आधी घाला” म्हणाले. कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली. व्हरांड्यात समोर आले की नजर खाली घेत, जसं सुतकातल्या माणसासमोर घेतात. दुसऱ्याचं यश पचवता येतं. मी एकोणीस वर्षं पचवलं होतं. दुसऱ्याची दया घशाखालीच उतरत नाही. हा माणूस माझ्या मावशीने न केलेलं पाप स्वतःचं व्याख्यान मोडून झाकत होता, आणि उद्या मी विभागप्रमुख झालो असतो तरी आयुष्यभर त्याचा मिंधा राहिलो असतो. मला वाटलं, मोठेपणातसुद्धा हा पुढेच!

चौथ्या दिवशी मी वेदवतीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाजी चिरत होती.

“अय्यो! मावशींवर?” तिने विळी सोडली. “आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही.”

“सुम्मने, गप्प बसलात?”

“बोललो तर त्याचं व्याख्यान सुधारतं.”

“आणि नाही बोललात तर?”

“तर मी विभागप्रमुख.”

“हौदा? असं का?” वेदवती म्हणाली. “मग दारावरच्या पाटीवर नावाखाली तेही लिहून घ्या. मावशीच्या कृपेने.”

ती परत भाजी चिरू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “त्यांचं गुपित आहे, त्यांना विचारा आधी. रविवारी जा. आणि जाताना नीट आंघोळ करून जा, नाहीतर अंगणातूनच बोलावं लागेल.”

रविवारी मी कृष्णराजनगरची बस धरली. मावशी ओसरीवर वाती वळत होती. वेंकोबाराव, वय शहाऐंशी, आरामखुर्चीत डोळे मिटून होते. चिदंबर गावाला गेला होता, ते बरं झालं. मी जिवाणूंपासून सुरुवात केली, मग वनस्पती, मग प्राणी, असं करत करत माणसापर्यंत आलो.

“गुंडू, तुला काय हवंय ते सांग,” मावशी म्हणाली. “मला अकराला मडीत जायचंय, मग सोवळ्यात बोलणार नाही मी.”

“भुजंगरावांना रक्तात दिसलं की चिदंबर काकांचा नाही.”

“रक्ताला काय कळतं? होमाच्या वेळी रक्त होतं का तिथे?”

“रक्तात तो तुझा दिसतो, पण काकांचा दिसत नाही.”

मावशीचा हात थांबला. “मग त्या भुजंगरावाला काय वाटतं? कुणाचा आहे?”

मी तुळया मोजू लागलो. चार होत्या.

मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई हसायला लागली. हसता हसता वातीचं ताट कलंडलं. तिने वेंकोबारावांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, “ऐकलं का? तुमच्या माघारी माझं काहीतरी होतं म्हणे!”

वेंकोबारावांनी डोळे उघडले. “कधी?”

“बावन्न साली!”

वेंकोबारावांनी विचार केला. “बावन्न साली माझी बदली शिमोग्याला होती,” ते म्हणाले. “असेल.” आणि त्यांनी डोळे परत मिटले.

“सांग जा त्याला,” मावशी वाती गोळा करत म्हणाली. “तुझ्या आईने दिला आणि मी घेतला. चारचौघांत, अग्नीसमोर. लपवण्यासारखं त्यात काय आहे? आम्ही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.” मग ती थबकली. “त्याने तुला हे कधी सांगितलं?”

“बुधवारी.”

“आणि आज रविवार.”

“बस मिळत नव्हती,” मी म्हणालो.

सोमवारी मी भुजंगरावांना सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीसाठी आलं होतं, हे मला मान्य करावं लागेल. ते पुसून होण्याच्या आधीच त्यांचा शास्त्रज्ञ जागा झाला.

“म्हणजे तो तुमचा सख्खा भाऊ!”

“जन्माने.”

“मग तुमचं रक्त कुठाय? आईंचं कुठाय? अहो गुंडेराव, ही तर चौथी शाखा निघाली!”

त्यांनी तिथल्या तिथे माझी बाही वर केली. संध्याकाळी घरी येऊन माझ्या आईचंही रक्त घेतलं, वेदवतीच्या हातचं उप्पिट्टू खाल्लं आणि तिला “वहिनी, तुमच्या यजमानांसारखा दिलदार माणूस नाही” असं सांगून गेले. वेदवती माझ्याकडे बघत राहिली. मी ताटं उचलली.

शुक्रवारी ते नाचतच माझ्या खोलीत आले. दोषाचा तुकडा माझ्या आईत होता. तिच्यातून तो चिदंबरमध्ये उतरला होता, एकेरी, म्हणून निरुपद्रवी. माझ्यात उतरला नव्हता. आम्हा दोघा भावांची तुलना केल्यावर शोधायची जागा पूर्वीच्या एक पंचमांश उरली होती. “तुमच्या रक्ताने तीन वर्षं वाचली माझी,” भुजंगराव म्हणाले. घराण्याचा दोषसुद्धा धाकट्यालाच मिळाला होता, हे मला त्या दिवशी समजलं.

सोळा तारखेला समितीचे तीन सदस्य आले. माझं व्याख्यान दहाला होतं. मी गाठी दाखवल्या, गुलाबी आणि पांढऱ्या. चार टक्के दाखवले. मधल्या सदस्यांनी विचारलं, “ज्या कुंड्यांत तुम्ही जिवाणू घातलेच नव्हते, त्यांतल्या झाडांनाही गाठी दिसताहेत. त्या कशा?” मी म्हणालो, माती नीट निर्जंतुक झाली नसावी. आटोक्लेव्हवर त्या आठवड्यात मला पहिला नंबर मिळाला होता, हे मी सांगितलं नाही. तिसऱ्या सदस्यांना झोप लागली होती. तेवढाच दिलासा.

भुजंगराव साडेअकराला उभे राहिले. पडद्यावर वंशावळ आली. चिदंबरचा चौकोन आता कंसात होता. दत्तक मुलाला असाच कंस घालतात म्हणे. त्याच्यापासून एक तुटक रेघ माझ्या आईच्या वर्तुळाकडे गेली होती आणि तिथे त्याच्या शेजारी आणखी एक चौकोन होता. तो मी. एकोणीस वर्षांत संस्थेच्या पडद्यावर माझं एवढं मोठं चिन्ह पहिल्यांदाच झळकत होतं, आणि तेही रिकामं.

“हे घराणं मी टाकून दिलं होतं,” भुजंगराव म्हणाले. “माझे मित्र गुंडेराव यांनी घरातली गोष्ट मोकळ्या मनाने सांगितली, स्वतःचं रक्त दिलं, म्हणून आज मी इथे उभा आहे.”

टाळ्या झाल्या. झोपलेले सदस्य जागे झाले होते आणि सगळ्यात जोरात तेच वाजवत होते. सगळे माझ्याकडे वळून पाहत होते, म्हणून मीही वाजवल्या.

जेवायच्या सुट्टीत मी खोलीत बसून विचार केला. मुलाखती तीनला होत्या. आत जायचं, बाहेर यायचं, आणि महिन्याभराने भुजंगरावांच्या नावाचं पत्र निघालेलं बघायचं. वर त्यांनी परत खांद्यावर हात ठेवायचा. हरण्यापेक्षा माघार बरी. हरलेल्याची कीव करतात, माघार घेणाऱ्याचा सत्कार होतो. मोठेपणावर काही भुजंगरावांचा मक्ता नव्हता. मी कागद घेतला आणि लिहिलं, की विभागाचं हित लक्षात घेऊन, अधिक योग्य व्यक्तीसाठी वाट मोकळी व्हावी म्हणून, मी माझा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. दोनदा वाचलं. ‘स्वखुशीने’ खाली रेघ मारली.

ऑफिसात दत्तोजीराव होते, आमचे सुपरिंटेंडेंट. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

“सर, नक्की?”

“नक्की.”

“पण सर, ते...”

“दत्तोजीराव, मला काही ऐकायचं नाही,” मी हात वर करून म्हणालो. “शिक्का मारा.”

त्यांनी शिक्का मारला. मी बाहेर आलो तेव्हा मन हलकं झालं होतं. पहिल्यांदाच भुजंगरावांना माझ्याकडून काहीतरी मिळणार होतं आणि त्याची परतफेड करणं त्यांना जन्मभर जमणार नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी भुजंगराव व्हरांड्यात कठड्याला टेकून मद्दूर वडा खात होते.

“अहो गुंडेराव, तुम्ही बाहेर कसे?” त्यांनी विचारलं. “समिती केव्हाची बसलीय आत.”

“तुम्ही नाही गेलात?”

“मी कशाला जाऊ? प्रमुख झालं की रजेचे अर्ज तपासा, पंखे दुरुस्त करवून घ्या. मला माझं काम आहे.” त्यांनी वड्याची दुसरी पुडी माझ्यापुढे धरली. “घ्या. गरम आहे.”

त्या जागेसाठी एकूण एकच अर्ज आला होता.